मैदानाचा ओलावा आणि पैजेचा हिशेब

जुलै महिना उजाडला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माणसे आभाळाकडे पाहू लागतात. प्रत्येकाचे पाहणे मात्र वेगळ्या कारणाने असते. पाटण-जावळीकडचा शेतकरी भाताच्या लावणीचा अंदाज घेत असतो. माण, खटाव, आटपाडीचा शेतकरी पेरलेली बाजरी उगवून येईल की करपून जाईल, या विवंचनेत असतो. कृष्णाकाठच्या गावांना कोयनेच्या धरणातून किती पाणी सुटणार याची धास्ती असते. या सर्वांत एक लहानसा वर्ग असाही आहे की, ज्याला आपल्या गावच्या पावसाशी फारसे कर्तव्य नसते. तो चौकशी करतो ती पुण्याच्या पावसाची. रात्रभर संततधार होती की नुसती भुरभुर, सकाळी ऊन पडले की नाही, एवढे कळले की त्याचे समाधान होते. कारण पुण्यातील घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम साधारणतः जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो.

सातारा आणि सांगलीत घोड्यांच्या शर्यतीचे मैदान नाही. परंतु मैदान नसल्याने पैज थांबत नाही. पूर्वी त्यासाठी पुण्याची गाडी धरावी लागे. आता खिशातील मोबाइल पुरतो. या व्यवहारात केवळ धनिक मंडळी असतात असेही नाही. कचेरीतील कारकून असतो, शाळेतील शिक्षक असतो आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगाही असतो. यांच्यापैकी कोणाशीही बोलले तरी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ‘आम्ही नशिबावर पैसे लावत नाही, मैदान ओले की कोरडे हे पाहून, अभ्यास करून लावतो.’ हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्यात एक सत्य आहे, आणि त्या सत्याच्या आधाराने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अर्धसत्याची मोहिनी पूर्ण असत्यापेक्षा नेहमीच अधिक असते, म्हणून त्याची नीट छाननी करणे आवश्यक ठरते.

जमीन आणि जनावर

प्रथम सत्य काय ते पाहू. घोड्याच्या वेगावर जमिनीचा परिणाम होतो, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. धावणारा घोडा प्रत्येक टापेस आपला सर्व भार क्षणभर एकेका पायावर तोलतो. जमीन टणक असेल तर ती टाप तत्काळ परत फेकते आणि घोडा वेगाने पुढे जातो. परंतु त्याच वेळी तो आघात खूर, सांधे आणि स्नायुबंध यांना सोसावा लागतो. जमीन मऊ असेल तर आघात कमी होतो, पण रुतलेला खूर उपसून काढण्यात शक्ती खर्च होते. म्हणून चिखलात वेळ अधिक लागतो, अंतर तेवढेच असूनही ते लांबल्यासारखे होते आणि पाठीवरील वजन जड वाटू लागते. कोरड्या मैदानावर केवळ वेगाच्या बळावर जिंकणारा घोडा ओल्या मैदानावर शेवटच्या दोनशे मीटरांत दमतो, आणि वेगाने सामान्य परंतु दमदार असलेला दुसरा त्याला गाठतो.

यात प्रत्येक घोड्याची ठेवण वेगळी असते. जो घोडा पाय फारसे न उचलता जमिनीलगत लांब टापा टाकतो, त्याला टणक हिरवळ मानवते. जो गुडघे उंच उचलून धावतो, ज्याचे खूर रुंद असतात, तो मऊ जमिनीत तुलनेने कमी अडखळतो. कुंपणालगतची जमीन आधीच्या शर्यतींत तुडवली गेलेली असते, म्हणून पावसाळ्यात कसलेला स्वार पुष्कळदा आतली जवळची वाट सोडून बाहेरची लांबची, पण न उखणलेली वाट धरतो. जवळची वाट हीच जलद वाट असते असे नाही, हे आपल्याकडील कोणत्याही गाडीवानाला सांगावे लागत नाही.

जमिनीची ही अवस्था आता केवळ डोळ्यांनी ठरवली जात नाही. पेनेट्रोमीटर नावाचे एक साधे उपकरण त्यासाठी वापरतात. एक किलो वजन एक मीटर उंचीवरून सोडायचे आणि त्याच्या धक्क्याने सळई जमिनीत किती रुतते ते मोजायचे, हे त्याचे तत्त्व. मैदानाच्या निरनिराळ्या भागांत असे मोजमाप करून सरासरी काढली जाते आणि शर्यतीच्या दिवशी ती जाहीर केली जाते. इंग्लंडमध्ये टणक, चांगली, मऊ, जड अशा पायऱ्या लावून जमिनीचे वर्णन करण्याची जुनी पद्धत आहे. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील हंगाम पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. १९४३ पासून होत असलेली २४०० मीटरची इंडियन डर्बी तेथे फेब्रुवारीच्या सुमारास धावली जाते. साहजिकच पुण्यातील ओल्या दिवसांत घोड्याने केलेला पराक्रम मुंबईच्या कोरड्या हिरवळीवर जसाच्या तसा उतरेल, अशी खात्री कोणीही शहाणा प्रशिक्षक देत नाही.

जगातील अव्वल घोडेही याला अपवाद नाहीत. एनेबल या नामांकित घोडीने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ‘प्री द लार्क द त्रिओंफ’ ही २४०० मीटरची शर्यत जिंकली होती. २०१९ साली ती तिसऱ्यांदा जिंकणार असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. त्या दिवशी पॅरिसचे मैदान फार मऊ झाले होते. अखेरच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या एनेबलला वाल्डगाइस्ट या घोड्याने मागे टाकले. उलट उदाहरणही आहे. फ्रँकेल या अजिंक्य घोड्याची अखेरची शर्यत ऑक्टोबर २०१२ मध्ये ॲस्कॉट येथे झाली. तेव्हाही जमीन मऊ होती, ती त्याला मानवणार नाही असे बोलले जात होते, तरीही त्याने ती जिंकली आणि चौदापैकी चौदा विजय मिळवून तो निवृत्त झाला. या दोन उदाहरणांतून निघणारा बोध एवढाच की, जमीन ही शक्यता कमी-अधिक करते. ती निकाल लिहून ठेवत नाही. नेपोलियनने १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली जमीन सुकावी म्हणून लढाई दुपारच्या सुमारापर्यंत लांबवली. जमिनीविषयीचे त्याचे ज्ञान बरोबर होते. पण त्या ज्ञानाची किंमत त्याला वेळेच्या रूपाने द्यावी लागली, आणि त्या वेळात प्रशियाचे सैन्य येऊन पोहोचले.

चाकोरीतील शहाणपण

आपल्या दोन जिल्ह्यांना घोड्यांपेक्षा बैलांच्या शर्यती अधिक जवळच्या. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात बैलगाडा चढाच्या घाटात धावतो. आपल्याकडे सपाट माळावर, आखून दिलेल्या चाकोऱ्यांतून छकडे पळतात. मैदानात सहा-सात चाकोऱ्या असतात, कोणाला कोणती मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते, गटांत पहिल्या येणाऱ्या गाड्या उपांत्य फेरीत आणि तेथून अंतिम फेरीत जातात. ज्या रुळलेल्या वाटेला आपण ‘चाकोरी’ म्हणतो तो शब्द मुळात चाकाने जमिनीवर उमटवलेल्या खुणेचा आहे. सकाळच्या गटात दबलेली, घट्ट असलेली चाकोरी दुपारपर्यंत भुसभुशीत होते. एखाद्या चाकोरीच्या तोंडाशी नरम माती असते, एखादीच्या मध्यावर मुरूम वर आलेला असतो. म्हणूनच मैदानावर आलेला जाणता बैलमालक प्रथम बैलांकडे नव्हे, जमिनीकडे पाहतो. चार पावले चालून टाचेने माती उकरतो आणि मग बोलतो.

या जमिनीच्या तऱ्हाही किती! एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि माणदेशात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माणदेशाचा माळ मुरमाड आणि टणक. या माळानेच खिल्लार ही जात घडवली. चपळ, काटक, घट्ट खुरांची, लांब पल्ला चालणारी. म्हसवड आणि खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारांत खोंडाची पारख करताना पाय आणि खूर पाहिले जातात, ते उगाच नव्हे. जमीन जनावराला घडवते आणि जनावर माणसाचा संसार चालवते, अशी ही साखळी आहे.

या शर्यतींचा अलीकडचा इतिहास न्यायालयांतून गेला आहे. केंद्र शासनाच्या २०११ च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यती बेकायदा ठरवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या अंमलबजावणीस उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, जानेवारी २०२२ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील नांगोळे येथे परवानगीने शर्यती झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या सर्व वादात एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. महाराष्ट्राच्या नियमांत धावपट्टीची लांबी एक हजार मीटरांहून अधिक नसावी एवढेच सांगितलेले नाही. ती दगडधोंड्यांची, चिखलाची, दलदलीची किंवा तीव्र उताराची नसावी, असेही बजावले आहे. म्हणजे कायद्यानेसुद्धा जमिनीचा विचार केला आहे, आणि तो जनावराच्या बाजूने केला आहे. पैज लावणारा जमिनीकडे पाहतो तो आपल्या पैशांच्या बाजूने. दोघांच्या पाहण्यातील हा फरक मुळातला आहे.

आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. बैलमालकाला किंवा घोड्याच्या प्रशिक्षकाला जमिनीचे ज्ञान उपयोगी पडते, कारण त्या ज्ञानावर त्याला कृती करता येते. मैदान मानवणारे नसेल तर तो जनावर उतरवत नाही, नाल बदलतो, हाकण्याची तऱ्हा बदलतो, पुढच्या मैदानाची वाट पाहतो. पैज लावणाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. तो फक्त भाव पाहू शकतो. आणि भाव ही वस्तू काय आहे, हे समजून घेतले की त्याच्या ‘अभ्यासाचे’ मोल कळू लागते.

भावात मुरलेला पाऊस

वर्गात किंमत-सिद्धांत शिकवताना आम्ही सांगतो की, बाजारातील भाव हा असंख्य लोकांच्या माहितीचा सारांश असतो. यूजीन फामा या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली भांडवल बाजारासंबंधी हाच विचार पद्धतशीरपणे मांडला. जी माहिती सर्वांना उपलब्ध आहे ती भावात आधीच मिसळलेली असते, म्हणून तिच्या बळावर कोणालाही सातत्याने जादा नफा मिळवता येत नाही. शर्यतीचे मैदान हा या विचाराचा एक लहान, स्वच्छ नमुना आहे. तेथे प्रत्येक प्रश्नाचा निकाल दोन-तीन मिनिटांत लागतो.

एक काल्पनिक हिशेब मांडू. सर्व पैजा एका गंगाजळीत जमा होतात, चालकांची कपात वजा होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते, असे समजा. एकूण जमा एक लाख रुपये, कपात वीस टक्के, वाटपास ऐंशी हजार. कोरड्या दिवशी ‘ब’ नावाच्या घोड्यावर लोकांनी दहा हजार लावले. तो जिंकला तर एका रुपयास आठ रुपये मिळतील. त्याची जिंकण्याची खरी शक्यता दहा टक्के असेल, तर एका रुपयामागे सरासरी परतावा ऐंशी पैसे होतो.

आता रात्री पाऊस पडला. ‘ब’ चिखलात चांगला धावतो हे सर्वांना ठाऊक आहे. सकाळच्या वर्तमानपत्रात तसे छापूनही आले आहे. त्याची शक्यता दहावरून बत्तीस टक्क्यांवर गेली असे धरू. परंतु लोकांनाही ते कळले असल्यामुळे त्याच्यावर आता दहा नव्हे, बत्तीस हजार रुपये लागले आहेत. परतावा आठ रुपयांवरून अडीच रुपयांवर आला. बत्तीस टक्के शक्यतेस अडीच रुपये, म्हणजे सरासरी पुन्हा ऐंशीच पैसे! पाऊस पडला, मैदान बदलले, घोडा बदलला, पैज लावणाऱ्याने रात्र जागवून अभ्यास केला. आणि त्याच्या रुपयाचे ऐंशी पैसेच राहिले. जमिनीविषयीचे त्याचे ज्ञान खरे होते. ते फक्त त्याच्या एकट्याचे नव्हते.

यावर चतुर विद्यार्थी विचारतो की, लोकांचा अंदाज चुकू शकत नाही का? अवश्य चुकतो. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ सालीच दाखवून दिले की, लोक कमी शक्यतेच्या घोड्यांवर वाजवीपेक्षा अधिक आणि पसंतीच्या घोड्यांवर वाजवीपेक्षा कमी पैसे लावतात. एका रुपयास पन्नास रुपये मिळण्याचे स्वप्न माणसाला एका रुपयास दीड रुपयापेक्षा अधिक भुलवते. पावसाळी दिवशी तर ‘आज काहीही घडू शकते’ ही भावना बळावते आणि स्वप्नांचा बाजार तेजीत येतो. तथापि, लोकांची चूक सापडणे वेगळे आणि तिच्यातून पैसा मिळणे वेगळे. वीस टक्के कपात असताना नुसती तोंडमिळवणी व्हायची तर घोड्याची खरी शक्यता भावाने सुचवलेल्या शक्यतेहून सव्वापट असावी लागते. वरील उदाहरणात बत्तीस नव्हे, चाळीस टक्के. एवढी मोठी चूक सर्व लोकांनी केली आहे आणि ती केवळ मलाच दिसली आहे, असे दर आठवड्याला मानणे हा आत्मविश्वास नव्हे, आत्मवंचना आहे.

त्यात कराची भर पडते. पैजेच्या पूर्ण रकमेवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के झाला आहे. शंभर रुपयांच्या पैजेवर हा कर वरून द्यावा लागला असे धरले, तर आपल्या उदाहरणात एकशे चाळीस रुपये खिशातून जातात आणि सरासरी ऐंशी परत येतात. रुपयाचे सत्तावन्न पैसे. आता तोंडमिळवणीसाठी ‘ब’ची खरी शक्यता छप्पन्न टक्के असावी लागेल, जेव्हा सर्व जग ती बत्तीस मानत आहे. पेनेट्रोमीटरची सळई कितीही खोल रुतली तरी तिच्यातून एवढे मोठे रहस्य बाहेर पडण्यासारखे नाही.

कौशल्य कोणाचे?

अभ्यासाच्या युक्तिवादाला न्यायालयाचाही आधार दिला जातो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू शासन या खटल्यात, घोड्यांच्या शर्यतीतील यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असते, ती निव्वळ दैवाची गोष्ट नव्हे, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न तेथे मिटला. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच. कौशल्य आहे हे खरे, पण ते कोणाचे? घोडा पैदास करणाऱ्याचे, प्रशिक्षकाचे, स्वाराचे, मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे. पैज लावणाऱ्यांतही कौशल्य असेल. परंतु पैज ही इतर पैज लावणाऱ्यांविरुद्धच असते आणि त्यांतील काही जण पहाटे मैदानावर उभे राहून घोड्यांचा सराव पाहतात. कराड किंवा मिरजेच्या कचेरीत बसून मोबाइलवर हवामान पाहणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी करण्याची उमेद धरणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक वाचून कृष्णेच्या पुरात उडी घेण्यासारखे आहे.

येथे एक कटू वास्तव सांगणे भाग आहे. आपल्या गावांतील बहुतेक पैजा अधिकृत मैदानाच्या आवारात लागतच नाहीत. त्या लागतात गावच्या मध्यस्थाकडे, तोंडी, आणि पुष्कळदा उधारीवर. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने असा व्यवहार गुन्हा ठरतो. तरीही तो चालतो, आणि कराचा दर जसजसा वाढतो तसतशी त्याची बरकत होते. कारण अधिकृत पैजेवर कर लागतो आणि चोरट्या पैजेवर तो नसतो. शासनाचा हेतू पैजेला आळा घालण्याचा असेल, तर इतका चढा कर पैज बंद करण्याऐवजी तिला अंधारात ढकलण्याची शक्यता अधिक. अंधारातील पैजेत न पावती असते, न मर्यादा, न दाद. महिन्याच्या पंचवीस तारखेला पगारदार माणसाला उधारीवर पैज लावू देणारा मध्यस्थ त्याच्यावर उपकार करत नसतो. त्याच्या पुढच्या महिन्याच्या पगारावर तो आधीच बोजा चढवत असतो. मग पतसंस्थेचे कर्ज येते, भविष्यनिर्वाह निधीतून उचल येते, सहकाऱ्याची जामीनकी येते आणि अखेरीस घरातल्या माउलीच्या अंगावरचे किडूकमिडूक जाते. ही साखळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘आम्ही मैदानाचा अभ्यास करतो’ हे वाक्य ऐकून हसू येत नाही.

असलेली जोखीम आणि निर्माण केलेली जोखीम

काही जण म्हणतील, शेतकरी तरी वेगळे काय करतो? तोही पावसावर पैजच लावतो. हा आक्षेप वरवर पटण्याजोगा असला तरी त्यात एक मूलभूत गल्लत आहे. शेतकऱ्याची जोखीम निसर्गात आधीच असते. पेरणी केली नाही तरी पोटाची जोखीम उरतेच. तो ती अंगावर घेतो तेव्हा समाजाला धान्य मिळते. सांगलीच्या पेठेत हळदीच्या वायद्यांचे व्यवहार दीर्घकाळ चालत आले. त्यांत सट्ट्याचा अंश नव्हता असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुढील भावाची जोखीम उत्पादकाकडून व्यापाऱ्याकडे सरकवण्याचे एक कार्य तरी त्यांतून होत होते. घोड्यावरील पैजेतील जोखीम मात्र पैज लावण्याच्या क्षणापूर्वी पैज लावणाऱ्याच्या आयुष्यात नसते. ती तो स्वतः निर्माण करतो, आणि तिच्या बदल्यात एक दाणाही अधिक पिकत नाही.

जमिनीचे ज्ञान सार्थकी लावण्याचा एक नमुना सांगलीच्या वेशीवरच आहे. हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदली जात. तेथील मातीचा गुण असा की, खोल खड्ड्यात ठेवलेली हळद दीर्घकाळ टिके, तिला कीड लागत नसे. ज्या कोणी ही माती प्रथम ओळखली त्याचे ज्ञान खरोखर धनदायी ठरले. त्यावर एक पेठ उभी राहिली. २००५ च्या महापुराने यांतील पुष्कळ पेवांची नासाडी केली, हेही त्याच जमिनीचे आणि पाण्याचे सत्य. परंतु ते ज्ञान हरले तरी त्याने आधी काहीतरी घडवले होते.

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, बैलांच्या शर्यतींना परवानगी देताना धावपट्टीविषयीची अट कागदावर न ठेवता, शर्यतीच्या दिवशी सकाळी आणि अंतिम फेरीपूर्वी अशी दोनदा जमिनीची पाहणी व्हावी, आणि ती धोक्याची वाटल्यास शर्यत थांबवण्याचा निर्विवाद अधिकार पशुवैद्याला असावा. जमिनीचा परिणाम प्रथम भोगतो तो मुका जीव. बक्षिसाचा आकडा त्याला ठाऊक नसतो. दुसरी, कराचा विचार करताना केवळ महसुलाकडे न पाहता चोरट्या व्यवहाराकडे किती पैसा वळतो, याचाही हिशेब शासनाने मांडावा. तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांची. संभाव्यतेचे गणित आपण नाणी आणि फासे घेऊन शिकवतो आणि परीक्षेनंतर ते विसरले जाते. तेच गणित एखाद्या दिवशी पैजेचा वरील हिशेब फळ्यावर मांडून शिकवले, तर उपदेशाच्या दहा व्याख्यानांचे काम होईल. तरुण मुलांना ‘जुगार वाईट’ हे ऐकून ऐकून पाठ झालेले असते. रुपयाचे सत्तावन्न पैसे कसे होतात, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

पावसाळी सकाळी ओल्या हिरवळीवर धावणारा घोडा, किंवा माघातल्या उन्हात चाकोरी धरून सुटलेली खिल्लार जोडी, ही पाहण्यासारखीच दृश्ये आहेत. ती पाहावीत, जमीन कशी आहे यावर मनसोक्त वाद घालावेत, आपला अंदाज खरा ठरला तर मित्रांकडून एक चहा वसूल करावा. एवढ्या पैजेवर कर नाही, कपात नाही, आणि हरलो तरी घरी सांगताना मान खाली घालावी लागत नाही.